शिश्नाचा वाक : आजार पुरुषाचा, धंदा भोंदूंचा

रेल्वेमार्गालगतच्या भिंती, सार्वजनिक मुताऱ्यांची दारे, एस.टी. स्टँडमागची बोळ आणि लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या पट्ट्या यांवर वर्षानुवर्षे एकच मजकूर वाचायला मिळतो. मर्दाना कमजोरी, वाकडेपणा, पातळपणा, शर्तिया इलाज, खात्रीने गुण. खाली एक फोन नंबर. आता हाच मजकूर भिंतीवरून मोबाईलच्या पडद्यावर आला आहे, एवढाच काय तो बदल. या यादीतल्या ‘वाकडेपणा’ या एका शब्दाविषयी आज लिहायचे आहे. विषय ऐकून काही वाचक पान उलटतील याची मला कल्पना आहे. परंतु ज्यांना तो त्रास आहे ते उलटणार नाहीत, आणि असे पुरुष आपल्या वस्तीत, आपल्या कार्यालयात, आपल्या सभेत पुढच्या रांगेतही बसलेले आहेत.

मुळात एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ताठर अवस्थेत शिश्न अगदी फुटपट्टीसारखे सरळ असावे असा निसर्गाचा काही नियम नाही. थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे, थोडे खाली किंवा वर वळलेले असणे हे कित्येक निरोगी पुरुषांत आढळते. वेदना नाही, संबंधाला अडचण नाही, तर तो आजार नाही आणि त्यावर एक रुपयाही खर्च करण्याचे कारण नाही. भिंतीवरच्या जाहिरातीचे निम्मे गिऱ्हाईक याच निरोगी माणसांतून येते. लग्न ठरलेला पोरगा मित्रांच्या गप्पा ऐकतो, आरशात बघतो आणि घाबरतो. हस्तमैथुनाने वाकडेपणा आला असे त्याला तिथे सांगितले जाते. हे धादांत खोटे आहे.

काही मुलांत मात्र जन्मतःच वाक अधिक असतो. दोन्ही बाजूंच्या ऊतींची वाढ सारखी झालेली नसते, आणि वयात आल्यावर ते लक्षात येते. हा वाक बहुधा खालच्या दिशेने असतो, आत कुठेही गाठ लागत नाही, दुखत नाही आणि वयानुसार तो वाढतही नाही. संबंध अशक्य होण्याइतका वाक असेल तर एका शस्त्रक्रियेने तो दुरुस्त होतो. त्याला तेल, लेप, भस्म यांपैकी कशाचाही उपयोग नाही, कारण तिथे रोग नसून रचनाच तशी असते.

खरा आजार निराळा आहे. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या, आतापर्यंत काहीच तक्रार नसलेल्या पुरुषाला एक दिवस ताठरतेच्या वेळी दुखू लागते. हाताला त्वचेखाली एक कडक चट्टा किंवा गाठ लागते. काही आठवड्यांत शिश्न त्या गाठीच्या बाजूला वळू लागते, कधी मध्येच आकसल्यासारखे होते, लांबी कमी झाल्यासारखी वाटते. याला वैद्यकशास्त्रात पेरोनीचा आजार म्हणतात. फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याचा शल्यचिकित्सक फ्रान्स्वा द ला पेरोनी याने १७४३ साली त्याचे वर्णन केले, म्हणून त्याचे नाव. गंमत अशी की त्या राजवैद्याचा स्वतःचा उपचार होता बारेज गावच्या झऱ्याचे पाणी! पुढच्या पावणेतीनशे वर्षांत विज्ञानाने ते पाणी सोडून दिले. आपल्याकडचा तंबू मात्र अजून तिथेच उभा आहे.

हे घडते कसे? शिश्नाच्या आत लांबीच्या दिशेने स्पंजासारखे दोन दंडगोल असतात. उत्तेजनेच्या वेळी त्यांत रक्त भरते. त्यांच्याभोवती एक चिवट पण ताणले जाणारे आवरण असते, त्याला ट्युनिका अल्बुजिनिया म्हणतात. संबंधाच्या वेळी, विशेषतः ताठरता पुरेशी नसताना, शिश्न मुडपले गेले तर या आवरणाला बारीक इजा होते. बहुतेकांत ती इजा भरून येते आणि त्यांना कळतही नाही. काही जणांत मात्र जखम भरण्याची क्रिया थांबायच्या वेळी थांबत नाही. तिथे व्रणाची कडक ऊती साचत जाते, पुढे कधी कधी तिच्यात चुनाही बसतो. सायकलच्या ट्यूबला एका बाजूने मोठे ठिगळ लावून जास्त हवा भरून पाहा. बाकी ट्यूब ताणली जाते, ठिगळाची बाजू ताणली जात नाही, आणि ट्यूब ठिगळाकडे वळते. इथेही नेमके तेच घडते. ज्या बाजूला चट्टा, त्या बाजूला वाक.

ही गाठ म्हणजे कर्करोग नाही. हा संसर्गजन्य रोग नाही, बायकोला होत नाही, वेश्यागमनाने होत नाही, कुणाच्या शापाने तर नाहीच नाही. मधुमेह असलेल्यांत तो अधिक आढळतो. काही जणांच्या तळहातात अशीच कडक दोरी तयार होऊन करंगळीजवळची बोटे आत वळतात, त्या दुपुट्रेनच्या आजाराशी याचे नाते आहे. आणि तो वाटतो तेवढा दुर्मीळ नाही. जर्मनीतील कोलोन परिसरात हजारो पुरुषांची पाहणी करून २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शंभरातल्या तीन पुरुषांना तो असल्याचे दिसले. आपल्या सभेला तीनशे पुरुष येत असतील तर हिशोब ज्याचा त्याने करावा.

आता या लेखातील सर्वात महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो. हा आजार दोन टप्प्यांत चालतो. पहिला टप्पा धगधगता. त्यात दुखते, वाक बदलत राहतो, वाढतो. तो साधारण वर्ष-दीड वर्ष चालतो. दुसरा टप्पा स्थिरावलेला. त्यात वाक आहे तसा राहतो आणि वेदना बहुतेकांची आपोआप जाते. दहापैकी नऊ जणांचे दुखणे वर्ष-दीड वर्षात, काहीही उपचार न करता थांबते. वाक मात्र क्वचितच आपोआप जातो. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उपचार न घेतलेल्या रुग्णांवर वर्षाहून अधिक काळ लक्ष ठेवले गेले. शंभरातल्या सुमारे बारा जणांचा वाक कमी झाला, चाळीस जणांचा तसाच राहिला आणि अठ्ठेचाळीस जणांचा वाढला.

भोंदूचा धंदा नेमका या आकड्यांवर चालतो! रुग्ण त्याच्याकडे येतो तेव्हा दुखण्याने हैराण झालेला असतो. भोंदू त्याला सहा महिन्यांचा कोर्स देतो, मग आणखी सहा महिन्यांचा. तेवढ्यात निसर्गक्रमाने वेदना थांबते आणि श्रेय भस्माला जाते. शिवाय बारा टक्क्यांतला एखादा बरा होतो, तो दहा जणांना पत्ता देतो. उरलेले अठ्ठ्याऐंशी लाजेपोटी तोंड उघडत नाहीत. याला आणखी एक भक्कम पुरावा आहे. कोलॅजिनेज नावाच्या इंजेक्शनची आठशेहून अधिक रुग्णांवर चाचणी झाली. खरे औषध टोचलेल्यांचा वाक सरासरी ३४ टक्क्यांनी कमी झाला. नुसतेच औषध नसलेले पाणी टोचलेल्यांचाही वाक १८ टक्क्यांनी कमी झाल्याची नोंद झाली. म्हणजे काहीच न देताही थोडाफार गुण ‘दिसतो’. म्हणूनच अमुकला गुण आला हे ऐकून औषध ठरवायचे नसते. काही न देता किती गुण आला असता, हा प्रश्न विचारायचा असतो. चिकित्सेशिवाय काही स्वीकारू नका हे आपण धर्माच्या बाबतीत मोठ्या आवाजात सांगतो. औषधाच्या बाटलीला ते लागू करताना आपला आवाज का बसतो?

यात वैदू या भटक्या जमातीला बदनाम करण्याचा हेतू नाही, हेही याठिकाणी नमूद करतो. रस्त्याकडेला जडीबुटी मांडून बसणारा गरीब माणूस या धंद्यातला सर्वात लहान मासा आहे. मोठे मासे वातानुकूलित क्लिनिकमध्ये बसतात, गळ्यात स्टेथोस्कोप घालतात आणि हप्त्याने पैसे घेतात.

माझ्याकडे आलेले एक प्रकरण ओळख पटेल असा तपशील वगळून सांगतो. पन्नाशीतला नोकरदार माणूस, दोन मुले, लग्नाला पंचवीस वर्षे झालेली. एकाएकी तो वेगळ्या खोलीत झोपू लागला. घरात बोलणे बंद, पगारातून दरमहा काही हजार गायब. बायकोने साहजिकच निष्कर्ष काढला की बाहेर कुणीतरी आहे. भाऊ मध्ये पडले, शिवीगाळ झाली, आणि पोटगीचा अर्ज घेऊन ती बाई माझ्याकडे आली. समझोत्याची बैठक ठेवली तेव्हा तो गृहस्थ बायकोसमोर एक अक्षर बोलेना. मी त्याला बाजूला घेतले. अर्ध्या तासाने त्याने सांगितले की दोन वर्षांपासून हा आजार आहे, आणि सत्तर हजार रुपये ‘खानदानी इलाज’ करणाऱ्याकडे गेले आहेत. त्याने दिलेल्या तेलाने रोज जोरात मालिश करायला सांगितले होते. ज्या आवरणाला इजा होऊन आजार झाला त्याच आवरणाला रोज नवी इजा! बायकोला सांगायचे तर, ‘ती काय म्हणेल?’ तिला जेव्हा कळले तेव्हा ती एवढेच म्हणाली, “एवढ्यासाठी मला दोन वर्षे रडवलंत?” तो अर्ज नंतर मागे घेतला गेला. सगळीच प्रकरणे अशी मिटत नाहीत. या आजाराच्या रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांत नैराश्याची लक्षणे आढळल्याचे परदेशी अभ्यास सांगतात. आपल्याकडे ते नैराश्य दारूच्या गुत्त्यावर जाते, आणि मार बायकोला बसतो.

मग खरा उपचार कोणता? यासाठी जायचे ते मूत्ररोगतज्ज्ञाकडे, म्हणजे यूरोलॉजिस्टकडे. त्वचारोगतज्ज्ञाकडे नव्हे आणि ‘सेक्सॉलॉजिस्ट’ अशी नुसती पाटी लावलेल्याकडे तर नव्हेच. डॉक्टर हाताने गाठ तपासतात. ताठर अवस्थेत वाक किती अंशांचा आहे हे मोजण्यासाठी गरज पडल्यास इंजेक्शन देऊन ताठरता आणतात आणि सोनोग्राफीने रक्तप्रवाह पाहतात. या इंजेक्शननंतर चार तासांनीही ताठरता उतरली नाही तर तातडीने रुग्णालयात परत जायचे असते, हे लक्षात ठेवावे.

धगधगत्या टप्प्यात वेदनेसाठी साध्या वेदनाशामक गोळ्या देतात. व्हिटॅमिन ई, टॅमॉक्सिफेन यांसारख्या गोळ्या अनेक वर्षे लिहून दिल्या गेल्या. त्यांनी वाक जात नाही हे पुरेसे स्पष्ट झाल्यावर अमेरिकन यूरोलॉजिकल असोसिएशनने २०१५ च्या मार्गदर्शिकेत त्या देऊच नयेत असे म्हटले. ध्वनिलहरींच्या धक्क्यांचा उपचार हल्ली मोठ्या जाहिराती करून विकला जातो. त्याने वेदना कमी होऊ शकते, वाक कमी होत नाही. वेदना आपोआपही जाते हे वर सांगितलेच आहे, तेव्हा हजारो रुपये कशासाठी द्यायचे ते ज्याने त्याने ठरवावे. गाठीत टोचायची इंजेक्शने असतात. व्हेरापामिल आणि इंटरफेरॉन यांचा काही रुग्णांना उपयोग होतो. कोलॅजिनेजला अमेरिकेने डिसेंबर २०१३ मध्ये या आजारासाठी मान्यता दिली, तीही वाक किमान ३० अंश असेल तरच, आणि क्वचित त्याने आवरण फाटण्याचा धोका असतो. युरोपच्या बाजारातून कंपनीने ते पुढे मागे घेतले. हळूहळू ओढ देणारी साधने डॉक्टरांच्या देखरेखीखाली महिनोन् महिने नेमाने वापरली तर काही फायदा होतो. घरी वजन बांधून असले प्रयोग करू नयेत.

वाक स्थिर झाला, आजार सुरू होऊन साधारण वर्ष उलटले, निदान तीन ते सहा महिने काही बदल नाही आणि संबंध शक्य नाही, अशा वेळी शस्त्रक्रियेचा विचार होतो. त्याआधी घाई करणारा सर्जन भेटला तर दुसऱ्याचे मत घ्यावे, कारण वाक अजून बदलत असताना केलेली शस्त्रक्रिया वाया जाऊ शकते. शस्त्रक्रियेचे मार्ग तीन. ताठरता चांगली आणि वाक मध्यम असेल तर गाठीच्या विरुद्ध बाजूला टाके घालून ती बाजू आखूड करतात. अमेरिकेतील रीड नेस्बिट या सर्जनने १९६५ मध्ये जन्मजात वाकासाठी मांडलेली पद्धत या मार्गाची जननी. शिश्न बऱ्याच अंशी सरळ होते, मात्र लांबी थोडी कमी होते, आणि हे आधीच सांगणे डॉक्टरचे कर्तव्य आहे. वाक ६० अंशांच्या पुढे असेल किंवा मध्येच आकसले असेल तर गाठीला छेद देऊन तिथे शिरेचा किंवा अन्य ऊतीचा तुकडा जोडतात. यात लांबी टिकते, पण ताठरता कमी होण्याचा आणि संवेदना बधिर होण्याचा धोका वाढतो. ताठरताच गेली असेल आणि गोळ्यांनी येत नसेल तर आत कृत्रिम रोपण बसवतात. तिन्हींपैकी कोणतीही शस्त्रक्रिया जुने दिवस जसेच्या तसे परत आणत नाही. तसे आश्वासन देणारा डॉक्टर असो की भोंदू, दोघांपासून दूर राहावे.

आता कायद्याकडे वळू. औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ साली झाला. त्याच्या कलम ३ नुसार लैंगिक क्षमता टिकवण्याचा वा वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधाची जाहिरात करता येत नाही, आणि अनुसूचीतल्या आजारांत नपुंसकत्व स्पष्टपणे नमूद आहे. १९५४ च्या कायद्याने पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही ठेवले. हमदर्द दवाखान्याच्या खटल्यात डिसेंबर १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काही तरतुदी रद्द केल्या. पण असल्या जाहिराती म्हणजे घटनेने दिलेले भाषणस्वातंत्र्य नव्हे, हे तत्त्व तिथेच ठरले. म्हणजे कायदा सत्तर वर्षांचा, भिंतीवरची अक्षरे रोज नवी. कायदा कमी पडत नाही. तक्रार करायला कुणी पुढे येत नाही, कारण तक्रार करायची म्हणजे आपला आजार उघड करायचा, अशी समजूत आहे. ती चुकीची आहे. जाहिरात हाच गुन्हा आहे. ज्याला तो आजार नाही असा कोणताही नागरिक, आपला कार्यकर्ता, जाहिरातीचा फोटो काढून पोलीस ठाण्यात किंवा अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार देऊ शकतो.

असल्या विषयावर लिहू नये, अश्लील वाटते, असे म्हणणारे आपल्यातही आहेत. त्यांच्यासाठी एक संदर्भ. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचक आपले लैंगिक प्रश्न विचारत आणि कर्वे उत्तरे देत. अशा उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला भरला गेला तेव्हा १९३४ मध्ये मुंबईत कर्व्यांचे वकीलपत्र घेतले ते बाबासाहेबांनी. लोकांच्या मनात प्रश्न असतील तर त्यांना शास्त्रीय उत्तर दिलेच पाहिजे, अज्ञान गेले तरच विकृती जाईल, हा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. विज्ञान आणि ज्ञान यांच्या हितासाठी केलेल्या लेखनाला अश्लीलतेच्या कलमातून सूट देणारी तरतूद दंड संहितेत आली ती १९६९ च्या दुरुस्तीने. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९४ मध्येही ती कायम आहे. बाबासाहेब जे न्यायालयात मांडून हरले ते कायद्याने पस्तीस वर्षांनी मान्य केले.

विवाह कायद्याविषयी पक्षकार नेहमी विचारतात म्हणून थोडक्यात. हिंदू विवाह कायदा १९५५ बौद्धांनाही लागू आहे. त्याच्या कलम १२ नुसार नपुंसकतेमुळे विवाहाची पूर्तताच झाली नसेल तर विवाह रद्द करून मागता येतो. शिश्न वाकडे आहे म्हणजे पुरुष नपुंसक, असा अर्थ कायदा काढत नाही. शारीरिक वा मानसिक कारणाने विवाहाची पूर्तता प्रत्यक्षात अशक्य झाली पाहिजे, हा निकष सर्वोच्च न्यायालयाने दिग्विजयसिंह विरुद्ध प्रतापकुमारी या १९६९ च्या निकालात घालून दिला. लग्नाला वीस वर्षे झाली, मुले झाली आणि मग पेरोनीचा आजार जडला, तर या कलमाचा प्रश्नच येत नाही. तेव्हा सासरच्यांनी किंवा माहेरच्यांनी ‘लग्नच रद्द करू’ अशा धमक्या देऊ नयेत. दुसरीकडे, जन्मजात वाक इतका आहे की संबंधच अशक्य, हे ठाऊक असून पोराचे लग्न उरकून टाकणे ही त्या मुलीची फसवणूक आहे. आधी शस्त्रक्रिया करा, मग पत्रिका छापा. आणि प्रकरण न्यायालयात गेलेच तर कलम २२ प्रमाणे सुनावणी बंद दाराआड होते आणि तिचा वृत्तांत छापता येत नाही, हे अनेकांना माहीत नसते. कधी कधी वकिलांनाही.

जयंतीच्या निमित्ताने आपण वस्तीवस्तीत आरोग्य शिबिरे घेतो. रक्तदाब मोजतो, साखर तपासतो, चष्मे वाटतो. साखर वाढलेल्या पुरुषाला डॉक्टरने आडोशाला नेऊन हाही एक प्रश्न विचारावा, एवढी सूचना आयोजकांना करतो. मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे या रुग्णालयांत मूत्ररोग विभाग आहेत. तिथे केसपेपर काढताना खिडकीवर आजार सांगायची गरज नाही, ‘लघवीच्या डॉक्टरांना दाखवायचे आहे’ एवढे पुरते. जाण्यापूर्वी घरी ताठर अवस्थेत वरून आणि बाजूने असे दोन फोटो मोबाईलवर काढून न्यावेत, चेहरा येऊ देऊ नये आणि ते डॉक्टरांशिवाय कुणाला पाठवू नयेत. दुखणे केव्हा सुरू झाले, मधुमेह आहे का, कोणती औषधे चालू आहेत, भोंदूने काय दिले, हे कागदावर लिहून न्यावे. शक्य असेल तर पत्नीला सोबत न्यावे, कारण संबंधात दुखते ते तिलाही, आणि शस्त्रक्रिया करायची की नाही या निर्णयात तिचेही म्हणणे आहे. एका परिस्थितीत मात्र फोटो-कागद काही शोधत बसू नये. संबंधाच्या वेळी ‘कट्’ असा आवाज आला, ताठरता एकदम उतरली आणि सूज येऊन शिश्न काळेनिळे पडले तर ते आवरण फाटले आहे असे समजावे आणि त्याच रात्री, त्याच तासाला मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जावे.